मागून आवाज येतोय

दिवसभर मी फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. कपडे धुण्याची मशीन बनवणारी एक कंपनी आहे, तिच्या तक्रार विभागात. माणसं फोन करून सांगतात, "मशीनमधून आवाज येतोय." मी विचारते, पाणी भरताना येतो की कपडे पिळताना, किती दिवस येतोय, मशीन सपाट जमिनीवर ठेवलीय का. शेवटी म्हणते, "आपली तक्रार नोंदवून घेतली आहे." सकाळी नऊ ते साडेपाच हेच. एकोणीस वर्षं झाली. माझ्या कानांना स्वतंत्र पेन्शन असती तर त्यांनी केव्हाच अर्ज केला असता.

साडेसहाला घरी यायचं, पर्स खुंटीला लावायची आणि चहाचा कप विसळायच्या आत बाबांना गाडीत बसवायचं. पहिल्याच वळणावर बाबा म्हणणार, "मागून आवाज येतोय."

"हो बाबा."

"बघायला पाहिजे."

"बघू या."

दुधाच्या दुकानापाशी पुन्हा तेच. शाळेच्या भिंतीपाशी पुन्हा. पन्नास मिनिटांच्या फेरीत हे वाक्य किती वेळा येतं ते मी एकदा बोटांवर मोजायला घेतलं आणि तिसऱ्यांदा बोटं संपल्यावर सोडून दिलं.

बाबा चव्वेचाळीस वर्षं गाड्या दुरुस्त करत होते. दोन गाड्या मावतील एवढं त्यांचं गॅरेज होतं. गुडघे गेले तेव्हा ते बंद झालं आणि मग हळूहळू बाकीचंही बंद होत गेलं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग आई गेली हे गेलं. शेवटी मीही गेले. काही दिवस मी त्यांची बहीण असते, काही दिवस नुसती "बाई". दिवसा शेजारच्या मावशी त्यांच्याजवळ बसतात. त्या पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या, त्यामुळे कशाने बिचकत नाहीत. पण सहा वाजले की मावशींचंही चालायचं नाही. बाबा बूट शोधायचे, दाराची कडी खडखडवायचे, "जायचंय, उशीर झाला" म्हणून घर डोक्यावर घ्यायचे. डॉक्टरांनी एक गोळी दिली. त्या गोळीने मलाच झोप येईल असं वाटायचं, बाबांना काही व्हायचं नाही. एकदा त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेताना लक्षात आलं की गाडीत बसले की ते शांत होतात. तेव्हापासून आठ महिने, रोज संध्याकाळी, त्याच रस्त्याने, एक फेरी.

शांत म्हणजे त्या एका वाक्यापुरते अशांत.

ते सीटला टेकूनही बसत नसत. माझ्या शेजारी पुढे वाकून, एक तळहात डॅशबोर्डवर, कान खिडकीकडे. मी खड्डा चुकवला की म्हणायचे, "चुकवू नको." गतिरोधक आला की, "तिरकी घे. एक चाक आधी." पाण्याच्या टाकीपाशी मोठं वळण आहे, तिथे म्हणायचे, "जरा जोरात घे." मी घेतली की गाडीची मागची बाजू एकीकडे कलायची, खालून टक-टक व्हायचं आणि बाबा मान डोलवायचे, "हां. मागून." दिवसभर हेडफोनमधून लोकांनी कान खाल्लेले, आणि वर हे. मला वाटायचं, हेकटपणा तेवढा डोक्यात शिल्लक राहिलाय.

एकदा मी गाडी कडेला थांबवून ओरडले. "पुरे! एक अक्षर बोलू नका आता!" बाजूने जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि फार सभ्यपणे म्हणाले, "बाई, तुम्ही दमलाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी सुरू केली, आणि दोन मिनिटांनी ते म्हणाले, "मागून आवाज येतोय."

गाडी आमचीच, डिकीवाली, चौघांची. बाबांनी साठी गाठताना घेतलेली. त्याआधी गॅरेजवाल्याची आम्ही पोरं बसने फिरलो. दारात नेहमी गाड्या उभ्या असायच्या, पण बाबांचा नियम होता: तयार झालेल्या गाडीत बूड टेकवायचं नाही. एकदा एक पांढरीशुभ्र लांबलचक गाडी दुरुस्त होऊन उभी होती. मी आठ वर्षांची, गुपचूप मागच्या गादीवर जाऊन बसले. बाबांनी दंडाला धरून बाहेर काढलं. "काम चालू होतं तोवर आपली होती. झाली की गिऱ्हाइकाची." आई म्हणाली, बसू दे दोन मिनिटं, तिने काय सीट खाल्ली का. बाबा नाही म्हणजे नाही म्हणाले. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी त्यांच्या हाताखाली काढल्या. त्यांचा पंजा जिथे शिरत नसे तिथे माझी बोटं शिरायची, म्हणून त्यांनी माझं नाव चिमटी ठेवलं. दादाने मात्र पान्याला कधी हात लावला नाही. तो अभ्यास करून मोठा झाला आणि पाच तासांच्या अंतरावर राहायला गेला. ते त्याने बरंच केलं.

त्या दादाचा गुरुवारी दुपारी फोन आला. मी कँटीनमध्ये होते.

"त्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीये," तो म्हणाला. "मी बघून आलो. स्वच्छ आहे, बाग आहे, रात्रंदिवस माणसं आहेत. पुढच्या रविवारी फॉर्म घेऊन येतो. सही तुझी लागेल, ते तुझ्याकडे राहतात म्हणून."

"पुढच्या म्हणजे या की त्याच्या पुढच्या?"

"त्याच्या पुढच्या. दहा दिवस आहेत. तू आरशात बघितलंस का स्वतःला हल्ली? तुझी वहिनी पण म्हणत होती, अर्धी झालीये ती."

मला राग यायला हवा होता. आला नाही. तो चुकीचं काही बोलत नव्हता. रात्री दोनदा उठायचं, सकाळी दाढी करून द्यायची, दिवसभर दुसऱ्यांची मशीन ऐकायची, आणि संध्याकाळी ते वाक्य. डब्यातली भाजी तशीच ठेवून मी विचार केला की यातलं नेमकं काय मला झेपत नाहीये. दाढी झेपते. रात्रीचं उठणं झेपतं. ते एक वाक्य झेपत नाही. ते गेलं तर मी बाबांना घरी ठेवू शकते. नाही गेलं तर मी सही करणार, आणि ती मला आयुष्यभर पुरणार.

म्हणजे आवाज काढायला हवा. आठ महिने सुचलं नव्हतं असं नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवलं होतं. तो म्हणाला, "ताई, गाडी म्हातारी झाली. आवाज करणारच." मीही सोडून दिलं होतं. दमलेल्या माणसाला कोणीही काहीही सांगितलं तरी पटतं.

शुक्रवारी सकाळी, ऑफिसला निघायच्या आधी, टॉर्च घेऊन मी गाडीखाली शिरले. मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा लोखंडी बार असतो. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून तो दोन्ही बाजू धरून ठेवतो. स्पेअर पार्टच्या दुकानात त्याला स्वे बार म्हणतात, बाबा नुसतं "मागचा बार" म्हणायचे. आमचा बार त्याला धरणाऱ्या रबराच्या कड्यांमध्ये, म्हणजे बुशमध्ये, गंजून निम्मा झाला होता. त्याच्या टोकांना चाकांकडे जोडणाऱ्या बोटभर लांबीच्या लिंक असतात, त्यांचे सांधे ढिले पडून नुसते लटकत होते. हलवलं की टक. सोडलं की टक. आठ महिने बाबा बरोबर बोलत होते.

"नुसते बुश बदला ना ताई," दुकानदार म्हणाला. "अख्खा बार कोण बदलतं हल्ली?"

"ज्याच्या घरी माझे बाबा राहतात तो बदलतो," मी म्हणाले. त्याला काही कळलं नाही.

शनिवारी मला सुट्टी असते आणि मावशींनाही. सकाळी मी फाटकाच्या आत गाडीची मागची बाजू उचलून लोखंडी स्टँडवर ठेवली, आणि बाबांना खुर्चीवर बसवलं, खालून मला त्यांचे बूट दिसत राहतील अशा बेताने. मग पाठीखाली जुनी चादर टाकून आत सरकले. सव्वीस वर्षांनी पाना घेऊन गाडीखाली जात होते. पाठीने लगेच तक्रार नोंदवली.

पहिलाच नट हलेना. तेल मारलं, वाट पाहिली, पाना लावून जोर दिला, तर नटाबरोबर आतला बोल्टही गोल फिरायला लागला. असं कितीही फिरवलं तरी सुटत नाही. मी बाबांना ऐकू जाऊ नये अशी शिवी हासडली आणि मान वळवली, तर बूट नव्हते.

फाटक उघडं ठेवलं होतं का? धडपडत बाहेर येताना कोपर सोललं. बाबा फाटकाकडे नव्हतेच. ते हत्यारांच्या पेटीपाशी उकिडवे बसले होते. त्या गुडघ्यांवर. पेटीतून त्यांनी सहाकोनी वाकडी चावी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"बोल्टच्या टोकाला खाच आहे. तिथे ही घाल, एका हाताने धर, दुसऱ्याने नट. नाहीतर दिवाळं निघेपर्यंत फिरेल."

मी चावी घेतली. त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिले.

"बघतेस काय चिमटे? ऊन चढेल."

सात-आठ महिन्यांनी त्या नावाने हाक ऐकली. मी घाईने गाडीखाली गेले. गाडीखाली रडणं सोयीचं पडतं, तोंडावर माती आधीच असते.

मग दुपारपर्यंत बाबा माझे बाबा होते. खुर्ची त्यांनी गाडीजवळ ओढून घेतली. मी हात बाहेर काढला की हवा तो पाना तळहातावर पडायचा, मागावा लागायचा नाही. दोन्ही लिंक सुटल्या, बुशच्या पट्ट्या सुटल्या. बार ओढला तर सायलेन्सरला अडकला. "डावं टोक आधी, वर करून फिरव," ते बाहेरून म्हणाले, न बघता. तसं केलं आणि बार गुपचूप माझ्या पोटावर आला. बाबांनी तो मांडीवर घेतला, गंजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि हसले.

"हा बघ चोर. केवढं पळवलं याने आपल्याला."

नवा बार घालताना माझी घाई चालली होती. सगळं एकदम आवळून टाकावं आणि अंघोळ करावी. बाबांनी पान्याने गाडीच्या पत्र्यावर टकटक केलं.

"आधी सगळं हाताने. मग गाडी खाली. मग पाना."

"माहितीये बाबा."

"माहितीये म्हणणारेच लटकत्या गाडीला आवळतात. रबर पिळवटतं मग, वर्षात फाटतं. ओझं चाकांवर येऊ दे, बसू दे सगळं जागेवर, मग आवळ."

तसंच केलं. स्टँड काढले, गाडी जमिनीवर आली, मागच्या चाकांखाली फळ्या सरकवून मला शिरण्यापुरती जागा केली आणि एकेक नट शेवटचा आवळला. बाबांनी जुना बार आणि दोन्ही लिंक वर्तमानपत्रात नीट गुंडाळल्या आणि डिकीत ठेवल्या. गॅरेजात ते नेहमी असंच करायचे, काय काय बदललं ते गाडी नेताना माणसाला दिसावं म्हणून. मला गंमत वाटली, बस्स. त्याच वेळी मी शहाणं व्हायला हवं होतं.

संध्याकाळी फेरी मारली. पहिलं वळण गेलं. दुधाचं दुकान गेलं. शाळेची भिंत गेली. बाबा पुढे वाकून, तळहात डॅशबोर्डवर ठेवून ऐकत होते. गतिरोधक तिरका घेतला, काही नाही. टाकीपाशी जोरात वळवली, गाडी ताठ राहिली. पन्नास मिनिटं एक शब्द नाही. मला इतकं हलकं वाटलं की परतताना मी शीळ घातली. घरी आल्यावर बाबा उतरले, गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "झाली."

त्या रात्री मी दादाला कळवलं, नवा बार बसवला, आवाज गेला, तू ये, पण फॉर्म बहुतेक लागणार नाही.

रविवारी सहा वाजता बाबांनी कडी खडखडवायला सुरुवात केली. मी किल्ली घेऊन आले. "चला बाबा, फेरीला."

ते फाटकापर्यंत आले. गाडी पाहिली. डिकीवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली, सोडली, ऐकलं. हात पँटला पुसले.

"चला ना, बसा."

"ही झाली की."

"झाली, पण बसा. जाऊन येऊ."

"झालेल्या गाडीत बसायचं नसतं," ते म्हणाले. जरा चिडूनच, मी मोठी होऊनही कसं कळत नाही अशा सुरात. "त्यांना कळव. घेऊन जातील."

आणि घरात गेले. पाच मिनिटांनी पुन्हा कडी. जायचंय. कुठे ते त्यांना सांगता येईना आणि मला नेता येईना. साडेनऊपर्यंत घरातल्या घरात येरझाऱ्या. सोमवारी तेच. मंगळवारी दार उघडू दिलं नाही म्हणून त्यांनी मावशींचा हात असा पिरगळला की मनगटावर वळ उठले. मावशी तक्रार करणाऱ्या नाहीत, पण म्हणाल्या, "सहानंतर माझ्याच्याने होणार नाही गं आता." बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघून लबाडी करून पाहिली. जॅकचा दांडा डिकीत सुटा टाकला, बाबांना फाटकात उभं केलं आणि गल्लीतून गाडी खडखडवत दोनदा नेली. "ऐका बाबा, मागून आवाज येतोय."

"डिकीत काहीतरी सुटं टाकलंयस," ते म्हणाले. "बांधून ठेव. दुसऱ्याची गाडी आहे."

माणूस मुलीला विसरला होता, पण जॅकच्या दांड्याला विसरला नव्हता.

मी पायरीवर बसले. मावशी घरी निघाल्या होत्या, त्याही मनगट धरून शेजारी टेकल्या.

"मला वाटलं होतं आवाज गेला की सुटले मी," मी म्हणाले.

"तुला एक सांगू?" मावशी म्हणाल्या. "पाच वाजल्यापासून तयार होऊन बसायचे रोज. केस विंचरून घ्यायचे माझ्याकडून. म्हणायचे, आज सापडेल तो आवाज. आज त्या बाईंना सांगतो, खड्ड्यातून नीट घ्या. रोज तेच. मी म्हणायचे, सापडेल हो बाबा."

आणि मग मला सगळं दिसलं. खड्डा चुकवू नको. एक चाक आधी. वळणावर जोरात घे. चव्वेचाळीस वर्षं दर संध्याकाळी ते गिऱ्हाइकाच्या गाडीत अशीच फेरी मारायचे, आवाज शोधायला. मला आठ महिने वाटत होतं की मी एका म्हाताऱ्या पेशंटला फिरवतेय आणि तो माझं डोकं खातोय. ते कामावर जात होते. मी शेजारी बसलेली शिकाऊ होते, आणि तीही खड्डे चुकवणारी. आणि त्यांच्या हातात उरलेलं शेवटचं काम मी एका सुट्टीच्या दिवशी, त्यांच्याच मदतीने, संपवून टाकलं होतं.

माझी मलाच चीड आली. एवढी, की मावशी गेल्यावर मी त्या सुट्या दांड्याला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

शनिवारी बाबा जेवून झोपले तेव्हा डिकीतलं वर्तमानपत्र सोडलं. बाराला हात लावला नाही, तो गंजलेला होता आणि एवढी अक्कल माझ्यात अजून होती. एकच जुनी लिंक उचलली, त्यातल्या त्यात धड. सांधा ढिला असला तरी तुटण्यातली नव्हती, नुसती बोलणारी होती. गाडीखाली शिरले आणि नवी काढून ती लावली. चांगला भाग काढून खराब बसवायचा, हे मी जन्मात केलं नव्हतं. बाबांनी पाहिलं असतं तर गॅरेजातून हाकलून दिलं असतं. पण गाडी खाली घेतली, ओझं चाकांवर येऊ दिलं आणि मगच आवळलं. तेवढं तरी त्यांच्या पद्धतीने. नवी लिंक वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली, साड्यांच्या मागे. त्या संध्याकाळी मी त्यांना गाडीकडे नेलंच नाही. नाही बसले तर, याची मला भीती वाटत होती, आणि दोन दिवस सलग ते बघायची ताकद नव्हती.

रविवारी चारला दादा आला. फॉर्म प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये होता, वर आश्रमाच्या बागेचा फोटो. त्याने तो टेबलावर ठेवला आणि शेजारी पेन ठेवलं. बाबांना वाकून नमस्कार केला. बाबांनी "बसा बसा" म्हटलं. मावशींच्या मनगटाचं त्याला कळलं होतं.

"तूच सांग," तो म्हणाला. "उद्या तुझा हात पिरगळला तर?"

"सहा वाजू देत," मी म्हणाले. "आमच्याबरोबर फेरीला ये. मग करते काय करायची ती सही."

सहा वाजले. कडी वाजली. मी किल्ली घेतली, दादा फोल्डर घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसला. बाबा फाटकात थांबले. त्यांनी डिकीवर हात ठेवून गाडी खाली दाबली आणि सोडली.

टक.

त्यांनी पुन्हा दाबली. टक. मग गाडीला वळसा घालून पुढे आले, स्वतः दार उघडलं, बसले, तळहात डॅशबोर्डवर ठेवला.

"चल," म्हणाले.

पहिल्या वळणावर ते म्हणाले, "मागून आवाज येतोय."

"हो बाबा."

"बघायला पाहिजे."

"बघू या."

दुधाचं दुकान. शाळेची भिंत. मागे दादाला राहवेना. "अगं, तू नवा बार बसवलास ना? मग हा कसला आवाज? हे रोज असंच? किती दिवस चालणार हे असं?"

मी उत्तर द्यायच्या आत बाबा मागे वळले. दादाला नीट न्याहाळलं, त्याचा इस्त्रीचा शर्ट, मांडीवरचं फोल्डर. आणि त्यांचा आवाज बदलला. गॅरेजच्या दारात गिऱ्हाइकाशी बोलायचे तो आवाज, गोड पण न हलणारा.

"साहेब, काम चालू आहे. घाई करून चालायचं नाही. गाडी इतक्यात मिळणार नाही तुम्हाला."

आरशात मला दिसलं, दादाने फोल्डर मांडीवरून उचललं आणि बाजूला उलटं ठेवलं. मग खरोखरच्या गिऱ्हाइकासारखा हळूच म्हणाला, "बरं. पण अंदाजे?"

बाबांनी माझ्याकडे मान वळवली.

"चिमटे, सांग यांना. किती दिवस लागतील?"

टाकीचं वळण समोर आलं होतं. माझी पाठ दुखत होती, अंगठा ठणकत होता, सकाळी नऊला पुन्हा हेडफोन लावायचे होते. रात्री दोनदा उठायचं होतं. हे सगळं मला माहीत असताना ते विचारत होते.

"लागतील अजून," मी म्हणाले. "बरेच लागतील."

"ऐकलंत?" बाबा दादाला म्हणाले, आणि समोर बघून पुढे वाकले. "जरा जोरात घे."

मी घेतली.